जुन्या ट्रकच्या ब्रेक आणि इंधनाच्या नळ्यांसाठी धातू कसा निवडावा

जुन्या ट्रकच्या ब्रेकची धातूची नळी सहसा चेसिसच्या मोकळ्या, सरळ भागात फुटत नाही. ती क्लॅम्पखाली, जिथे चिखल आणि ओल साचून राहते तिथे, किंवा टोकाच्या नटाजवळ गंजून जाते. त्यामुळे नवी नळी घेताना केवळ न गंजणारा धातू शोधून भागत नाही. त्या धातूच्या नळीच्या टोकाला आपल्या हातून निर्दोष फ्लेअर, म्हणजे जोडात घट्ट बसण्यासाठी फाकवलेली कड, काढता येईल का आणि नळीतून नेमके काय वाहणार आहे, हेही आधी ठरवावे लागते. ब्रेकबद्दलचे येथील विवेचन हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या, ब्रेकपुरते आहे. हवेच्या ब्रेकची नळी आणि जोड वेगळ्या प्रकारचे असतात.

पेडल जोरात दाबल्यावर ब्रेकच्या नळीतला दाब 100 बारच्याही पुढे जाऊ शकतो, तर कार्ब्युरेटरच्या इंजिनाला इंधन पोचवणाऱ्या नळीत तो अर्ध्या बारपेक्षाही कमी असतो. या एका फरकामुळे जी नळी इंधनासाठी पुरेशी ठरते, ती ब्रेकसाठी धोकादायक असू शकते. अ‍ॅल्युमिनियमची नळी ब्रेकला कधीही लावू नये. शुद्ध तांब्याची नळीही मी ब्रेकसाठी नाकारतो, कारण ती वाकवायला सोपी असली तरी सततच्या कंपनाने कडक होत जाते आणि पुढे तिला चिरा पडतात.

मूळ नळी बहुधा दुहेरी भिंतीच्या पोलादाची असते. पोलादाच्या पातळ पट्टीवर तांब्याचा थर देऊन ती दोन वेढ्यांत गुंडाळतात आणि भट्टीत तो थर वितळवून नळी एकजीव करतात. ती मजबूत आणि स्वस्त असते, फ्लेअरही चांगला घेते. मात्र तिचे आयुष्य बाहेरच्या मुलाम्यावर अवलंबून असते. नुसत्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असलेली नळी बरीच जास्त टिकते, पण वाकवताना किंवा फ्लेअरच्या साच्यात आवळताना ते आवरण खरवडले गेले, तर गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

ब्रेकसाठी माझी पहिली पसंती तांबे-निकेल मिश्रधातूला आहे. त्यात सुमारे 10 टक्के निकेल आणि थोडे लोखंड व मँगनीज असते. व्होल्व्होने 1970 च्या दशकातच आपल्या गाड्यांना अशी नळी बसवायला सुरुवात केली होती. ती मिठाच्या पाण्यालाही दाद देत नाही, हाताने सहज वळते आणि फ्लेअर स्वच्छ घेते. शुद्ध तांब्याची नळी तिच्यासारखीच दिसत असल्यामुळे, खरेदी करताना रंगावर विसंबू नये, मिश्रधातूचे नाव पाहूनच ती घ्यावी.

स्टेनलेस स्टीलबद्दलचा मोह समजण्यासारखा आहे, कारण ते चकचकीत दिसते आणि गंजत नाही. परंतु ते कठीण असल्यामुळे साध्या हत्याराने दुहेरी फ्लेअर (कड आत दुमडून दुपदरी केलेला) काढताना त्याच्या कडेला चीर पडू शकते, आणि फ्लेअर नीट निघाला तरी जोड बसून गळती थांबेपर्यंत बऱ्याचदा नट पुन्हापुन्हा आवळावा लागतो. स्टेनलेसच वापरायचे असेल, तर मऊ केलेली नळी घ्यावी आणि 37 अंशांचा एकेरी फ्लेअर बाहीसह (नटाखाली नळीवर सरकवलेल्या आधाराच्या कडीसह) वापरावा. मात्र जुन्या ट्रकमधल्या 45 अंशांच्या बैठकीशी (फ्लेअर जिथे टेकतो त्या पृष्ठभागाशी) तो जुळत नाही, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतात, आणि प्रत्येक अडॅप्टर म्हणजे गळतीची आणखी एक जागा.

इंधनाच्या बाबतीत निर्णय बदलतो. तांबे आणि जस्त यांच्या संपर्कात डिझेल लवकर खराब होऊन त्यात चिकट गाळ तयार होतो, आणि बायोडिझेलमध्ये हे अधिक जाणवते. त्यामुळे डिझेलच्या ट्रकला तांबे-निकेल किंवा आतून जस्ताचा मुलामा असलेली नळी न लावता पोलाद किंवा स्टेनलेस वापरावे. येथे दाब कमी असतो आणि बऱ्याच ठिकाणी टोकाला गोल उंचवटा काढून त्यावर रबरी होज चढवायचा असतो, त्यामुळे स्टेनलेसची वर सांगितलेली अडचण फारशी आड येत नाही. नळीची वाट मात्र सायलेन्सरपासून दूर ठेवावी, कारण उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो.

माप घेताना आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ब्रेकची नळी बहुधा 4.75 मिमी, म्हणजे 3/16 इंच व्यासाची असते; पण तिच्या नटाचे आटे इंची मापात 3/8-24 (3/8 इंच व्यास, इंचाला 24 आटे) किंवा मेट्रिक मापात एम10×1 (10 मिमी व्यास, आट्यांत 1 मिमी अंतर) असू शकतात. दोन्हींच्या व्यासात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक असल्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात सैलसर बसतो, आवळल्यासारखा वाटतो आणि दाब आल्यावर निसटू शकतो. जुना नट आणि फ्लेअर फेकून न देता नवा त्याच्याशी ताडून पाहावा. दुहेरी फ्लेअरच्या बैठकीत बबल फ्लेअर (टोक फुग्यासारखे गोल फुगवलेला) चालत नाही आणि उलटही नाही.

नळी करवतीने न कापता पाइप कटरने कापावी, आतली कड साफ करून कीस झटकून टाकावा आणि फ्लेअर काढण्यापूर्वी नट नळीवर सरकवावा. हे विसरून पुन्हा टोक कापण्याची वेळ सरावलेल्या हातांवरही येते. ब्रेकच्या नळीत कॉम्प्रेशन जोड (फ्लेअरऐवजी नळीवर कडी आवळून केलेला) कोठेही वापरू नये. दर 30 ते 45 सेंटिमीटरवर रबराचे अस्तर असलेला क्लॅम्प लावावा. शेवटी ब्रेकच्या द्रवातली सर्व हवा काढून झाल्यावर दुसऱ्या माणसाला पेडल जोरात दाबून धरायला सांगावे, प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून ओल येते का ते पाहावे, आणि थोडे दिवस गाडी चालवल्यानंतर तीच तपासणी पुन्हा करावी.