वेलींचा मांडव घालताय? या चुका टाळा

मिरगाच्या तोंडावर कोल्हापुरात घराघरांमागं दोडका, कारली, दुधीच्या बिया टोकल्या जातात, आणि गणपती यायच्या आत कुणा ना कुणाचा मांडव आडवा झाल्याचं कानावर येतंच. मग बियाण्याला आणि पावसाला बोल लावला जातो. वाकून डांबाच्या, म्हणजे मांडवाच्या खांबाच्या, बुडाशी कुणी बघत नाही.

डांब उथळ रोवणं आणि कोपऱ्याला ताण, म्हणजे बाहेरून ओढून धरणारी तार, न देणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तारेला, बांबूला पैसे घालायला लोक तयार असतात, पण खड्डा काढायचा कंटाळा. फूटभर उकरायचं, बांबू उभा करायचा, माती लोटून पायानं दाबायची, झालं काम! उन्हाळ्यात तो डांब घट्टच वाटतो, कारण जमीन वाळून टणक झालेली असते. आपली काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते, मऊ पडते आणि उघडीप मिळाली की भेगाळते. दर वेळी डांबाभोवती थोडी थोडी पोकळी होत जाते.

कळंब्याला आमच्या दाजींनी मे महिन्यात असाच मांडव घातला होता. कोपरे अजून खोल घ्या, असं मी त्यांना म्हटलं. "हलवून बघ की! दोन माणसं लोंबकळली तरी काय होत नाही," दाजी म्हणाले. त्या दिवशी ते खरंही होतं. श्रावणात झड लागली आणि एका रात्री मांडव बसला. सकाळी गेलो तर एकही बांबू मोडला नव्हता, एकही तार तुटली नव्हती. कोपऱ्याचा एक डांब बुडासकट उपसून आत ओढला गेला होता आणि त्याच्या खड्ड्यात गढूळ पाणी तुंबलं होतं. कोपऱ्याच्या डांबाला दोन्ही बाजूंच्या तारा आत ओढत असतात. तो झुकला की तारा सैल पडतात, भिजलेला पाला मधे झोळ धरतो आणि त्या वजनानं बाकीचे डांबही येतात. वेल उचलायला गेलो तर दुधीचा बुंधा जमिनीलगत पिळवटून उभा चिरलेला. तो परत कशानं जोडणार? ताई पाटीत कोवळे दुधी गोळा करत होती, तळहाताएवढेसुद्धा नव्हते.

मी दहा फुटी बांबू घेतो आणि अडीच फूट जमिनीत घालतो. बुडाला डांबर लावतो. खड्ड्यात काळी माती परत न टाकता दगड आणि मुरूम थराथरानं भरतो, प्रत्येक थर पहारेनं ठासतो. कोपऱ्याचे डांब किंचित बाहेर कललेले ठेवतो. त्यांच्यापासून चार-पाच फुटांवर एक मोठा दगड तारेनं बांधून खोल पुरायचा आणि ती तार डांबाच्या डोक्याला आवळायची. हा ताण आधी, बाकीच्या तारा नंतर. कडेनं १२ गेजची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली) जाड तार, आत दीड-दीड फुटावर १४ गेजची, जरा बारीक. हे एका दुपारी उरकत नाही, आणि उरकू पण नये.

दुसरी चूक उतावळेपणाची. बी आधी टोकायचं, मांडव नंतर बघू! दोडक्याचा वेल तुमची वाट बघत थांबत नाही. आधार मिळाला नाही की त्याचे तणावे शेजारच्या वेलाला, गवताला, स्वतःच्याच देठाला विळखे घालतात. तो गुंता सोडवताना पहिला मोडतो तो शेंडा, आणि वेलाची सगळी धाव तर शेंड्यातच असते. शिवाय तेव्हा डांबाचे खड्डे काढायला गेलात की वरवर पसरलेली मुळं तुटतात. नवीन बाग करणाऱ्यांना मी हे दर वर्षी सांगतो: मांडव पुरा होईपर्यंत बियांची पुडी फोडूच नका.

सुतळीनं सांधे बांधू नका, पावसात कुजते. मऊ बांधणीची तार घ्या आणि पकडीनं पीळ द्या. बांबूला टोकाजवळ खिळा ठोकला की तो उभा फाटतो. ओला, नुकता तोडलेला बांबू स्वस्त पडतो, पण त्याला भुंगा लागतो आणि बुडाशी पिवळी पूड पडायला लागते. बांबूचं वरचं टोक पेराच्या गाठीला लागूनच कापा, नाहीतर पोकळीत पाणी साचतं, डास होतात आणि बांबू आतून कुजतो.

मांडव साडेसहा-सात फुटांच्या खाली नको. दोडका, पडवळ मोकळे लोंबले तरच सरळ वाढतात, आणि तोडायला रोज वाकून आत शिरायचं तुमच्याच कंबरेला जड जाईल. मांडव परड्याच्या उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे वांगी-मिरचीवर सावली पडत नाही.

नायलॉनच्या जाळीचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. लावायला सोपी, हे खरं. पण जमिनीलगत सैल पडलेल्या जाळीत धामण अडकते, जितकी तडफडते तितकी आवळली जाते. परसात उंदीर खाणारी धामण अशी मरताना बघवत नाही. जाळी लावायचीच असेल तर जमिनीपासून हातभर वर ठेवा आणि ताणून बांधा.

जुना मांडव असेल तर वळवाचा एखादा पाऊस पडून जमीन भिजली की प्रत्येक डांब दोन्ही हातांनी हलवून बघा, कोरड्या जमिनीत ही परीक्षा करू नका. हलला तर बुडाशी मुरूम घालून ठासा, ताणाची तार पुन्हा पिळा, मग बी टोका.