जोराच्या वाऱ्यात एकट्याने शिडाची होडी: कुठला दोर आधी ओढायचा, कुठला आधी सोडायचा

सोलापुरात राहून शिडाची होडी चालवतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "समुद्र कुठाय?" समुद्र नाही, पण उजनी आहे. करमाळ्याच्या बाजूला भीमेचं पाणी चांगलं पसरलेलं आहे आणि आषाढात पश्चिमेचा वारा दुपारी एकदा धरला की सोडत नाही. माझी जुनी लेझर जातीची होडी तिथेच एका मित्राच्या उसाच्या बांधावर उपडी ठेवलेली असते. या बोटीचं आताचं नाव इल्का. एक माणूस, एक शीड, सव्वाचार मीटर लांबी. विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हीच बोट घेऊन उतरला होता.

हलक्या वाऱ्यात ही बोट कुणालाही चालवता येते. वारा वाढला की नवखा माणूस शीट, म्हणजे बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) आत-बाहेर करणारा मुख्य दोर, दोन्ही हातांनी धरून वाऱ्याशी कुस्ती खेळतो आणि हरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, मग दंडाचा काय उपयोग? शिडाचं पोट काढून टाकायचं, म्हणजे वारा त्यात मावतच नाही.

निघण्याआधी काठावर

पाण्याकडे पाच मिनिटं नुसतं बघा. बऱ्याच ठिकाणी पांढरे तुरे दिसत असतील तर वारा ताशी 20 किलोमीटरच्या पुढे आहे. जिकडे बघावं तिकडे तुरेच असतील तर 30 किंवा त्याहून जास्त. तिथले एक मासेमार काका मला इतकंच म्हणतात, "पावणं, पाणी पांढरं झालंय, आज नगं." मी बहुतेक वेळा ऐकतो. वळवाच्या ढगाचा वारा तर वेगळाच प्रकार, त्यात दोरांची कसलीही जुळणी कामाला येत नाही. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. काळा ढग दिसला की काठ गाठायचा. लाइफ जॅकेट घालायचंच, त्यावर चर्चा नाही.

वजन कमी असेल तर छोटं शीड लावा. बोट तीच राहते, शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलतो. मोठं शीड सात चौरस मीटरचं, मधलं पावणेसहाचं, छोटं 4.7 चं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने जोराच्या वाऱ्यात मोठं शीड लावण्यात कसली मर्दुमकी आहे, मला कळलेलं नाही.

सुकाणूच्या दांड्यावरून आडवा जाणारा ट्रॅव्हलरचा दोर तारेसारखा ताणून घ्या. तो सैल असला की त्यावरची कप्पी मध्येच रेंगाळते. शीटच्या शेवटाला गाठ मारायला विसरू नका.

वाऱ्याच्या विरुद्ध चढताना

गच्चीवर ओली सोलापुरी चादर वाळत घातलीय असं समजा. वारा आला की ती फुगते आणि दोरीसकट ओढायला लागते. खालची दोन टोकं धरून ताणलीत की पोट जातं आणि ओढही कमी होते. शिडावर हेच काम दोन दोर करतात. आउटहॉल शिडाचं मागचं टोक बूमच्या शेवटाकडे ओढतो आणि खालचा भाग सपाट करतो. मध्यम वाऱ्यात शीड आणि बूम यांच्यात वीतभर फट चालते, जोराच्या वाऱ्यात चार बोटं पुरे. कनिंगहॅम शिडाची पुढची कड डोलकाठीलगत खाली खेचतो. त्याने पोट पुढे सरकतं आणि शिडाचा शेंडा मागून उघडतो, म्हणजे वरचा वारा निसटून जातो. बोट आडवी पडायला बघते ती वरच्या वाऱ्याने, म्हणून हा दोर बिनधास्त ओढा. डोलकाठीजवळ सुरकुत्या दिसत असतील तर अजून ओढायला वाव आहे.

खरा कारभारी मात्र वँग. बूमला खाली दाबून धरणारा हा तिरका दोर नुसत्या हाताने पुरेसा ओढला जात नाही, त्याची एक युक्ती आहे. आधी शीट इतकी आत घ्या की बूमवरची मागची कप्पी ट्रॅव्हलरच्या कप्पीला टेकेल. डोलकाठी वाकते, बूम खाली येतो आणि वँगचा दोर आपोआप सैल पडतो. तेवढा सैल दोर ओढून क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवा. आता शीट थोडी सोडून बघा. बूम वर न जाता सरळ बाहेर गेला तर जमलं. वर उचलला गेला तर शीड परत फुगणार, म्हणजे वँग कमी आहे. वारा आणखी वाढला तर पुन्हा शीट आत घेऊन वँग अजून चार-पाच सेंटीमीटर ओढा. अशा वेळी बूम फार खाली असतो, वळताना डोकं पार गुडघ्यापर्यंत न्यावं लागतं.

वाऱ्याचा झोत येताना पाण्यावर गडद पट्टा सरकताना दिसतो. तो पोचण्याआधी पाय होडीतल्या पायपट्ट्यात अडकवून अंग बाहेर टाका. बोट कलायला लागली की शीट हातभर सोडा, सपाट झाली की परत आत घ्या. सगळं रामायण बोट सपाट ठेवण्यासाठी आहे. कललेली बोट जोरात पळतेय असं वाटतं, प्रत्यक्षात ती बाजूला घसरत असते.

वाऱ्यासोबत वळण्याआधी

इथे मी एकदा सपशेल आपटलोय. वर चढताना वँग करकचून ओढलेला होता आणि तो तसाच ठेवून मी बोट वाऱ्यासोबत वळवली. शीट सोडली, बूम बाहेर गेला, पण वर उचलला जाईना. त्याचं टोक पाण्यात घुसलं आणि पाणी त्याला आत ढकलायला लागलं. शीड वारा सोडेना. दोन सेकंदांत मी भीमेत.

म्हणून क्रम पाठ करा: आधी वँग सोडा, मग सुकाणू वळवा. किती सोडायचा? बूमचं टोक लाटेच्या वर राहील इतका. पूर्ण सोडलात तर उलटं दुखणं: शिडाचा शेंडा पुढे वळतो आणि बोट वाऱ्याच्या बाजूला लोळायला लागते. तशी लोळली तर शीट चटकन थोडी आत घ्या. जोराच्या वाऱ्यात बूम पूर्ण काटकोनात बाहेर जाऊ द्यायचाच नाही. तळातून पाण्यात उतरणारी फळी थोडी उचला, पण इतकी नाही की शीड या बाजूचं त्या बाजूला जाताना वँग तिला अडकेल. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये (उपयुक्त साठ्याच्याही खाली) गेलेलं असेल तर फळीवर लक्ष ठेवा, पाण्याखाली जुनी झाडं, भिंती आणि माशांची जाळी असतात.

उलटलात तर

बोट सोडायची नाही. काठ दिसतो तेवढा जवळ नसतो. शीट आणि वँग सोडा, पोहत फळीकडे या, नाक वाऱ्याकडे वळू द्या आणि फळीवर भार टाकून बोट सरळ करा. वँग ताणलेलाच राहिला तर उठलेली बोट लगेच पळायला लागते आणि पुन्हा पडते.

परत आल्यावर कप्प्यांमधला चिखल धुवून काढा. डोलकाठी बसते त्या भोकातही काळ्या मातीसोबत बारीक वाळू जाते आणि जोराच्या वाऱ्यात काठी फिरताना ती तळ घासते. अधूनमधून त्या भोकात पाणी भरून ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. पातळी खाली गेली असेल तर पाणी बोटीच्या पोटात उतरतंय. दुरुस्ती होईपर्यंत ती बोट बांधावरच ठेवायची.