छोट्या टाकीत कोणता मासा कोणासोबत? निवडताना या चुका टाळा

दुकानाच्या टाकीत गुण्यागोविंदाने पोहणारे मासे घरी आल्यावर महिनाभरात एकमेकांचे पर फाडू लागतात. दुकानातले बहुतेक मासे अजून पिल्लं असतात. शिवाय तिथे इतकी दाटी असते की कोणालाच स्वतःची हद्द राखता येत नाही, आणि मुक्कामही थोड्या दिवसांचा. घरच्या टाकीत तेच मासे वाढतात, कोपरे वाटून घेतात आणि वयात येतात. म्हणून दुकानातली शांतता पाहून जोड्या ठरवू नका. पूर्ण वाढ झालेला मासा किती मोठा असेल, त्याला कसलं पाणी लागतं आणि त्याचा स्वभाव काय, या तीन गोष्टी खरेदीआधीच माहीत हव्यात.

टाकी न मोजताच मासे आणणं

लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि 1000 ने भागा. 60 × 30 × 30 ची टाकी 54 लिटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर त्यात पाणी साधारण 45 लिटरच राहतं. मासे याच आकड्यावर ठरवायचे.

‘एक लिटरला एक सेंटीमीटर मासा’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. तीन-चार सेंटीमीटरच्या सडपातळ माशांपुरता तो ढोबळ अंदाज म्हणून चालतो, त्यापुढे फसवतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं, आणि घाण वजनाच्या हिशेबाने वाढते. तीन सेंटीमीटरचे दहा निऑन आणि तीस सेंटीमीटरचा एक ऑस्कर यांची बेरीज सारखी असली, तरी ऑस्कर 45 लिटर पाण्यात जगवता येत नाही.

टाकीचा आकारही पाहा. उंच आणि अरुंद टाकीत लिटर भरपूर दिसतात, पण पाण्याचा पृष्ठभाग लहान असल्यामुळे हवेची देवाणघेवाण कमी होते आणि झुंडीने पोहणाऱ्यांना सरळ धाव मिळत नाही. झेब्रा डॅनिओसारख्या चपळ माशाला 60 सेंटीमीटरपेक्षा कमी लांबी देऊ नये.

पिल्लाच्या आकारावर भुलणं

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा सकर घेतला जातो. साधा सकर 30 ते 45 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, शेवाळ खाण्यापेक्षा विष्ठाच जास्त करतो आणि रात्री टाकीतली झाडं उपटतो. ‘शार्क’ म्हणून विकली जाणारी चंदेरी पिल्लं बहुधा पंगासची असतात आणि हा मासा एक मीटरपलीकडे जातो. बाला शार्क 30 सेंटीमीटरच्या पुढे वाढतो. चायनीज अल्जी ईटर लहानपणी शांत असतो, मोठेपणी दांडगाई करतो आणि चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चोखतो.

एंजल 15 सेंटीमीटर लांब होतो आणि परांसकट त्याची उंची त्याहून जास्त भरते. 30 सेंटीमीटर उंच टाकीत त्याचे पर वाकडे होतात. शिवाय तोंडात मावेल ते तो खातो. निऑन आणि एंजल सहा महिने एकत्र नांदतात, मग एकेक निऑन गायब होऊ लागतो.

शेवाळ खरंच त्रास देत असेल तर दिवा रोज सहा-सात तासच लावा आणि खाणं कमी करा. मदतीला नेराइट गोगलगाय उत्तम. तिची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही. ओटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासाही चांगला, पण तो चार-पाचच्या गटात आणि काही महिने जुन्या, शेवाळ धरलेल्या टाकीतच टिकतो. टाकीत न मावणारा मासा दुकानात परत करा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या. नदी, तलाव, विहिरीत मुळीच सोडू नका. सकर आणि गप्पी अशाच वाटेने अनेक देशांच्या पाणवठ्यांत पसरले आहेत.

सगळ्यांची एकेक जोडी

दोन निऑन, दोन टायगर बार्ब, दोन कोरी, दोन गुरामी अशी टाकी रंगीत दिसते, पण त्यात कोणीच सुखी नसतं. निऑन, रासबोरा, बार्ब, कोरी हे झुंडीचे मासे आहेत. एका जातीचे किमान सहा हवेत, आठ-दहा असतील तर उत्तम. संख्या कमी पडली की निऑन फिकट पडून झाडामागे दडतात. टायगर बार्बचं उलट होतं. मोठ्या गटात त्यांची भांडणं आपसांत विभागली जातात, दोघे-तिघेच असले की ते दुसऱ्यांच्या लांब परांवर उतरतात. त्यामुळे 45 लिटरमध्ये टायगर बार्ब टाळावेत असंच आम्ही सांगू. त्यांच्याऐवजी चेरी बार्ब घ्या, तो खरोखर सौम्य आहे.

कोरीच्या बाबतीत सहा म्हणजे एकाच जातीचे सहा, तीन रंगांचे दोन-दोन नव्हेत. त्यांना बारीक, गोलसर वाळू लागते. धारदार खडीने मिशा झिजतात. वरचे मासे खाऊन उरलेल्यावर त्यांचं पोट भरत नाही, त्यांच्यासाठी तळाला जाणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर टाका.

हद्द राखणाऱ्या माशांना हा नियम उलटा लागतो. ड्वार्फ गुरामीचे दोन नर या मापाच्या टाकीत नकोत. फायटरचे दोन नर तर कोणत्याही टाकीत नकोत.

फायटरला चुकीची सोबत

फायटर हवा थेट तोंडाने घेऊ शकतो, म्हणून तो वाडग्यातही जगतो असं मानलं जातं. तो तग धरतो इतकंच. त्याला निदान 20 लिटर पाणी, 25 ते 27 अंश तापमान, मंद प्रवाहाचा फिल्टर आणि झाकण हवं, कारण तो उडी मारतो. रंगीत, झुबकेदार शेपटीच्या नर गप्पीला तो प्रतिस्पर्धी समजतो, गुरामीशीही त्याचं जमत नाही. सेर्पे टेट्रा आणि टायगर बार्ब त्याचेच पर कुरतडतात. जागा बेताची असेल तर फायटर आणि एक-दोन गोगलगाई, एवढ्यावर थांबा. एखादा फायटर रासबोरांसोबत शांत राहतो, दुसरा राहत नाही. म्हणून तो सर्वांत शेवटी सोडा आणि वेगळं करण्यासाठी एक जादा डबा हाताशी ठेवा.

गोल्डफिश आणि उष्ण पाण्याचे मासे एकत्र

गोल्डफिशला 18 ते 22 अंश मानवतं, फायटर-गुरामीला 25 च्या पुढे. मधलं तापमान ठेवलं तर दोघांचीही ओढाताण होते. गोल्डफिश घाणही खूप करतो, लहान मासे गिळतो आणि साधी जात 25 सेंटीमीटरहून मोठी होते. छोट्या टाकीसाठी हा मासा नाही.

पाण्याच्या क्षाराचाही असाच विचार करा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड (जास्त क्षाराचं) पाणी आणि 7 ते 8 पीएच (पाणी किती आम्ल याचं माप) चालतो, निऑनला हलकं आणि किंचित आम्ल. औषधं ओतून पीएच ओढत बसण्यापेक्षा नळाला येणाऱ्या पाण्यात जे मासे रमतात तेच निवडा. रोज हलणारा पीएच स्थिर पण थोड्या वेगळ्या पीएचपेक्षा जास्त घातक असतो.

गप्पींचं नर-मादी प्रमाण

एक नर, एक मादी असेल तर नर तिला दिवसभर पिटाळतो आणि ती खंगते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. पण मादी साधारण दर चार आठवड्यांनी पिल्लं देते आणि नर नसला तरी साठवलेल्या शुक्राणूंवर काही महिने देत राहते. पिल्लांची सोय नसेल तर फक्त नर पाळा. पोटाखालचा पर काडीसारखा असेल तो नर, पंख्यासारखा असेल ती मादी.

एकाच दिवशी सगळे सोडणं

नव्या टाकीत अमोनिया, म्हणजे घाणीतून तयार होणारं विष, पचवणारे जिवाणू नसतात. ते फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आधी अमोनिया, मग त्यापासून होणारं आणि तितकंच घातक नायट्राइट चढतं. टेस्ट किटवर दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की पहिली तुकडी सोडा, दुसरी दोन आठवड्यांनी. नवा मासा आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पिशवी 20 मिनिटं तरंगू द्या, थोडं थोडं टाकीचं पाणी घाला आणि मासा जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

बिघाड ओळखताना

पराचे तुकडे तोडल्यासारखे दिसत असतील तर कोणीतरी चावतंय. कडा पांढरट, झिरझिरीत होऊन रोज मागे सरकत असेल तर तो पर कुजण्याचा रोग आहे. चावणारा शोधायला खाणं टाकल्यानंतर आणि दिवा मालवायच्या आधी दहा-दहा मिनिटं लांबून पाहा. काचेजवळ उभं राहिलं की मासे खाण्याच्या आशेने गोळा होतात आणि भांडण दिसत नाही.

एकच मासा हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहत असेल तर त्याला पिटाळलं जातंय. दांडगट मासा चार-पाच दिवस वेगळा काढा, दगड-झाडांची मांडणी बदला आणि मग परत सोडा. जुन्या खुणा मोडल्यामुळे त्याला हद्द नव्याने शोधावी लागते. पुन्हा तेच झालं तर जोडी मुळात जुळत नाही, मासा बदला.

सगळेच मासे वर येऊन धापा टाकत असतील तर भांडणाचा संशय सोडा आणि पाणी तपासा. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. क्लोरीन काढलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने 30 ते 40 टक्के पाणी बदला, एअर पंप वाढवा आणि दिवसभर खाणं बंद ठेवा.

जमून येणारे गट

45 लिटर पाण्यात आठ हार्लेक्विन रासबोरा, सहा पिग्मी कोरी आणि एक हनी गुरामी 25 अंशांवर छान राहतात. जड पाणी असेल तर सहा-सात नर गप्पी आणि दोन नेराइट. 20 ते 25 लिटरमध्ये एकटा फायटर. पहिल्या गटात रासबोरा आधी, कोरी त्यानंतर आणि गुरामी शेवटी सोडा, म्हणजे टाकी आपलीच आहे असं त्याला वाटत नाही. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा.