धपाट्याचे तयार पीठ बाजारात आणताना

लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या पिशवीत आईने बांधून दिलेले धपाटे असतातच आणि दोन-तीन दिवसांत ते संपतातही. आमच्या बचत गटाने धपाट्याचे तयार पीठ विकायचे ठरवले, ते हे पाहूनच. ज्या गटाला, शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा घरगुती उद्योजकाला आपला पहिला पदार्थ बाजारात न्यायचा आहे, त्यांच्यासाठी त्या कामाची रीत येथे लिहीत आहे.

पदार्थ कोणासाठी करायचा आहे, हे सर्वांत आधी एका वाक्यात वहीत लिहून काढावे. ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर धरू नये, कारण लातुरात राहणारी गृहिणी धपाट्याचे पीठ विकत घेणार नाही. ते तिच्या घरच्या डब्यात असतेच. आमचे वाक्य होते, ‘पुण्यात खोली करून राहणारा, एक शेगडी आणि एक तवा असलेला मराठवाड्यातला मुलगा किंवा मुलगी’. पाकिटाचे वजन, किंमत, तिखटाचे प्रमाण आणि विक्रीची जागा हे सगळे निर्णय पुढे याच वाक्याला विचारून घेतले.

त्यानंतर चाचणी. नातेवाईक आणि शेजारी चांगलेच म्हणतात, म्हणून चाचणी ओळखीबाहेरच्या सात-आठ जणांकडे घ्यावी, आणि शक्य असेल तर त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून, मध्ये न बोलता पाहावी. पुण्यात एका मुलीच्या खोलीवर मी अशी बसले होते. तिच्याकडे परात नव्हती आणि थापायला ओले फडकेही नव्हते. पाकिटावर आम्ही ‘मावेल तेवढे पाणी घालावे’ असे लिहिले होते. तिने पेलाभर पाणी एकदम ओतले, पीठ हाताला चिकटले आणि तव्यावर टाकताना धपाट्याचे तीन तुकडे झाले. आमच्या हाताला जे ठाऊक होते ते पाकिटात गेलेच नव्हते, हे मला तिथे बसल्यावर कळले. परतल्यावर आम्ही ज्वारीच्या पिठातले गव्हाचे प्रमाण थोडे वाढवले, पाणी वाटीच्या मापाने लिहिले आणि दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन, तेलाचा हात लावून तिच्यावर थापण्याची कृती चित्रासह छापली. पदार्थ विकसित करणे म्हणतात ते मुख्यतः हेच काम आहे आणि त्यासाठी दोन-तीन महिने द्यावेत.

कृती पक्की झाली की ती मूठ-चिमटीत न ठेवता ग्रॅममध्ये लिहावी. ज्वारीही ठरवून घ्यावी. खरिपाची पावसात काळी पडलेली ज्वारी आणि रब्बीची मालदांडी किंवा परभणी मोती यांच्या पिठाचा रंग, चव आणि पाणी धरण्याची ताकद वेगवेगळी असते. म्हणून रब्बीचा माल निघाल्यावर वर्षभराची ज्वारी शक्यतो एकाच जातीची घेऊन, नीट वाळवून साठवणे परवडते.

टिकाऊपणाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण आमची मोठी चूक तेथेच झाली. ज्वारीच्या दाण्यातील कोंबात स्निग्धांश असतो आणि दळल्यानंतर तो हवेच्या व दाण्यातल्याच विकरांच्या (एन्झाइमच्या) संपर्कात आल्याने पीठ खवट, कडवट होते. पहिल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चाळीस पाकिटे ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवली आणि तीन आठवड्यांत कडवटपणाच्या तक्रारी आल्या. सगळ्यांचे पैसे परत केले. त्यानंतर ज्वारी दळण्याआधी मंद आचेवर हलकी शेकून घेऊ लागलो, कारण उष्णतेने ती विकरे निष्क्रिय होतात. मात्र जास्त भाजल्यास धपाट्याची चव जाऊन थालीपिठाच्या भाजणीची चव येते, तेव्हा हा तोल प्रत्येकाने आपल्या हाताने साधावा. पाकीट ओल व हवा अडवणारे, थरांचे घ्यावे. मग पंधरा-वीस पाकिटे पत्र्याच्या खोलीत भर उन्हाळ्यात ठेवून दर पंधरा दिवसांनी एक फोडावे, वास घ्यावा, धपाटे करून खावेत आणि तारखेसह नोंद करावी. ज्या दिवशी पहिली शंका येईल त्याच्या बऱ्याच आधीची मुदत पाकिटावर छापावी.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी पाकिटे छापण्यापूर्वीच पुरे करावे. अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्ये, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, निर्मितीची तारीख, मुदत, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर लागते. पिठात गहू असल्याने ग्लुटेनची सूचनाही छापावी लागते. ‘मधुमेह बरा होतो’ अशा प्रकारचा दावा कदापि छापू नये. तो कायद्याने चालत नाही आणि आजारी माणसाची त्यात फसवणूक होते. नाव निवडताना ‘धपाटे पीठ’ यासारखे केवळ वर्णन करणारे शब्द व्यापारचिन्ह म्हणून आपल्या एकट्याच्या मालकीचे होत नाहीत, म्हणून वेगळे नाव शोधून नोंदवावे. पिठे व मसाले ३० व्या वर्गात येतात आणि नोंदणी १० वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण होते.

किंमत ठरवताना बहुतेक जण खर्चावर नफा चढवतात. मला उलटा हिशेब अधिक खरा वाटतो. समजा अर्ध्या किलोला ग्राहक १०५ रुपये देतो आणि उदाहरणापुरता कर ५ टक्के धरला, तर हाती १०० राहतात. त्यातून दुकानदाराचे २०, वितरकाचे ८, वाहतुकीचे ६ आणि खराब किंवा परत येणाऱ्या मालाचे ४ वजा केल्यावर ६२ उरतात. धान्य, दळण, मजुरी, पाकीट, वीज, कर्जाचा हप्ता आणि नफा हे सारे त्या ६२ रुपयांत बसले पाहिजे. बसत नसेल तर वितरक टाळून थेट विक्री करावी किंवा पाकीट लहान करावे. स्वतःची मजुरी शून्य धरून हिशेब जुळवू नये, कारण आमच्याकडच्या बायका नेमके तेच करतात आणि वर्षभराने थकून काम सोडतात.

विक्रीसाठी जाहिरातीआधी आपले माणूस कुठे भेटते ते पाहावे. आम्हाला वसतिगृहांच्या खानावळी, पुण्यातील गाववाल्यांचे व्हॉट्सॲप गट आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारख्या जागा उपयोगी पडल्या. प्रदर्शनात गरम धपाटा आणि दही चाखायला द्यावे. नुसते पाकीट मांडून ठेवल्यास लोक पुढे निघून जातात. येळवशीला, म्हणजे शेतात जाऊन साजऱ्या होणाऱ्या वेळा अमावास्येला, लातूर-धाराशिवकडच्या ज्यांना शेतात जायला मिळत नाही, त्यांना गावाकडची चव हवी असते, म्हणून त्या आठवड्याची मागणी महिनाभर आधी नोंदवून घ्यावी.

विक्री सुरू झाल्यावर रोजची व्यवस्था तीन वह्यांवर चालते. पहिलीत बॅच क्रमांक, कोणत्या पोत्यातली ज्वारी, कोणी शेकली, कधी दळली हे लिहावे आणि प्रत्येक बॅचचे एक पाकीट मुदत संपेपर्यंत आपल्याकडे ठेवावे, म्हणजे तक्रार आल्यास तेच फोडून पाहता येते. दुसरी वही तक्रारींची. तिसरी उधारीची, आणि लहान उद्योग बहुधा तिच्यातच बुडतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते. ती केलेली असल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापावी, आणि पहिले बिल थकवणाऱ्या दुकानदाराला दुसरी खेप पाठवू नये.

लोक लगेच ‘भगरीचे पीठ करा, चटण्या करा’ असे सुचवू लागतात. आम्ही दुसरा पदार्थ, शेंगदाण्याची चटणी, दीड वर्षाने काढला, तोही तक्रारींच्या वहीत सलग दोन महिने पिठाविषयी एकही नवी नोंद आली नाही तेव्हा.