जीआर आणि परिपत्रकं: या चुका टाळा, भोगतो तिसराच माणूस

व्हॉट्सअॅपवर आलेली जीआरची, म्हणजे शासन निर्णयाची, पीडीएफ उघडायची, पहिलं पान वरवर वाचायचं आणि लगेच फाइलवर टिपणी टाकायला घ्यायची, हे कृपा करून बंद करा. आस्थापनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-सेवेचं बघणाऱ्या शाखेत, काम करताना दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मोबाईल पुढे करतं, "साहेब, नवीन जीआर आलाय", आणि बघावं तर तो जुना असतो, नाहीतर मधली पानंच गायब असतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. जीआरच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो शासनाच्या वेबसाइटवर शासन निर्णयांच्या शोधात टाकायचा आणि तिथून निघालेली डिजिटल सहीची प्रतच फाइलला लावायची. तिथे सापडत नसेल तर निदान खात्री होईपर्यंत त्या कागदावर पैसे काढू नका, कुणाचे थांबवूही नका.

पण मूळ प्रत मिळाली म्हणून काम संपत नाही, आणि माझा खरा राग इथे आहे. जीआर एकटा कधीच नसतो. वर "वाचा" म्हणून आधीच्या आदेशांची यादी असते, ती शोभेला दिलेली नसते. आणि नंतर मूळ मजकूर दुरुस्त करणारं शुद्धिपत्रक येतं, त्यात भर घालणारं पूरकपत्र येतं, स्पष्टीकरणाचं परिपत्रक येतं. नवीन मुलं म्हणतात एवढं वाचायला वेळ कुठाय. वेळ नाही म्हणून काय होतं ते सांगतो.

एका कार्यालयात वेतननिश्चितीचा जीआर आला, तत्परतेने अंमलबजावणी झाली. काही दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं, त्यात एक अट बदलली होती, जेमतेम दोन ओळींचा कागद, तो आवक नोंदवहीत चढला आणि दुसऱ्याच फाइलला लागला. पुढे टेबलावरची माणसं बदलत गेली, प्रत्येकाने आधीच्याची टिपणी पाहून तशीच पुढची टिपणी टाकली, पगार निघत राहिला. मग तिथले एक शिपाई मामा निवृत्तीला आले, त्यांच्या नोकरीची सगळी नोंद असलेलं सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं आणि आक्षेप घेऊन परत आलं: वेतननिश्चिती चुकीची, अतिप्रदान, म्हणजे जास्त दिलेली रक्कम, वसूल करा. ज्या माणसाने तो जीआर उभ्या जन्मात पाहिला नव्हता त्याचं उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलं, पेन्शन लांबली, आणि त्याला रोज विचारायला यावं लागलं की "माझं काय चुकलं?" काहीच चुकलं नव्हतं. शेवटी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल जोडून प्रस्ताव पाठवला, त्यात गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, यांच्याकडून कार्यालयाच्या चुकीने जास्त दिलेली रक्कम वसूल करता येत नाही असं स्पष्ट म्हटलंय. वसुली थांबली. पण मधले महिने त्या घराने कसे काढले ते मी पाहिलंय.

तेव्हापासून माझी सवय अशी: शुद्धिपत्रक हातात आलं की आधी मूळ जीआरची प्रत काढायची, बदललेल्या परिच्छेदावर लाल पेनने आडवी रेघ आणि समासात "पाहा शुद्धिपत्रक" लिहून त्याची तारीख, मग शुद्धिपत्रक त्याच पानाच्या मागे लावायचं. आणि कुठलाही जुना जीआर वापरण्याआधी त्याच विभागात, त्याच विषयाचे दोनतीन वेगळे शब्द टाकून, त्या तारखेनंतरचं सगळं शोधायचं. फोल्डर पीडीएफचं असलं तरी चालेल, फक्त फाइलच्या नावात तारीख आणि विषय असू दे, "नवीन जीआर फायनल" नको.

आता जीआर काढणाऱ्यांकडे वळू, कारण निम्मा गोंधळ वरूनच येतो. "यापूर्वीचे सर्व आदेश, या शासन निर्णयाशी विसंगत असतील तेवढ्या मर्यादेत, अधिक्रमित समजावेत", म्हणजे तेवढे रद्द धरावेत, हे वाक्य मसुद्यात टाकणं म्हणजे आपलं काम खालच्यांवर ढकलणं आहे, स्पष्टच सांगतो. विसंगत काय ते ठरवायचं कुणी? प्रत्येक तालुक्यातला लिपिक आपापल्या परीने ठरवतो आणि एकाच प्रकरणाला दोन तालुक्यांत दोन उत्तरं मिळतात. मसुदा लिहिणाऱ्याच्या समोर मागची पूर्ण नस्ती (फाइल) असते, त्यानेच तारीख आणि क्रमांकासकट लिहावं की हे हे रद्द, हे हे चालू. अर्धा दिवस जास्त जाईल, जाऊ दे.

तसंच सुधारणेवर सुधारणा. २४ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने लॉकडाऊनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २५ ला त्यात भर, २७ ला पुन्हा भर. तेव्हा आणीबाणी होती, समजू शकतो. साध्या प्रशासकीय विषयावर पाचवं शुद्धिपत्रक काढायला काय आणीबाणी असते? तिसरी सुधारणा करायची वेळ आली की सरळ एकत्रित आदेश काढा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ हजारांहून जास्त जुनी परिपत्रकं मोडीत काढून २४४ मास्टर डायरेक्शनमध्ये, म्हणजे विषयवार एकत्रित आदेशांमध्ये, सगळं बसवलं, एवढा पसारा तिथे आवरता येतो तर एका विभागाच्या एका विषयाचा नक्कीच येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

परिपत्रकातून कायद्यात नसलेली अट घालू नका. नियम जिथे गप्प आहेत तिथली पोकळी सूचनांनी भरता येते, नियम बदलता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या संत राम शर्मा प्रकरणात १९६७ पासून ठरलेलं आहे. आणि कायद्याच्या विरुद्ध जाणाऱ्या परिपत्रकाला कायद्यात अस्तित्वच नाही असं त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने २००८ मध्ये रतन मेल्टिंगच्या निकालात सांगितलंय.

लागू कधीपासून ते लिहा. निर्गमित झाल्यापासून की मागच्या तारखेने, आणि प्रलंबित प्रकरणांचं काय, हेही.

"सोबत परिशिष्ट अ" लिहिलंय आणि परिशिष्टच नाही, किंवा आहे पण तिरकं स्कॅन करून, ज्यातला एक शब्द शोधता येत नाही. अपलोड करणाऱ्याने एकदा स्वतः डाउनलोड करून बघावं.

कार्यालयातल्या सूचना कपाटात ठेवू नका. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे नियम, सूचना, नियमपुस्तिका कुणी न मागता प्रसिद्ध करायच्या आहेत.

ऊठसूट "मार्गदर्शन होण्यास विनंती" पाठवू नका. बहुतेक वेळा उत्तर त्याच जीआरच्या तिसऱ्या पानावर असतं आणि अर्जदार विनाकारण सहा महिने लटकतो. खरंच अडलं तर नेमका परिच्छेद, त्याचे निघणारे दोन अर्थ आणि स्वतःचा अभिप्राय लिहून पाठवा, म्हणजे वरच्याला हो किंवा नाही एवढंच लिहावं लागतं आणि उत्तर लवकर येतं.

आणि मंत्रालयातून कुणी फोनवर सांगितलं म्हणून निर्णय घ्यायचा नाही. फोन ठेवल्यावर लगेच त्यांना ईमेल करा, "आजच्या बोलण्यानुसार आम्ही असं समजतो, चुकीचं असल्यास कळवावं", आणि त्याची प्रिंट नस्तीत लावा. लेखी उत्तर आलं नाही तर टिपणीत तसं नमूद करून निर्णय आपल्या कार्यालयप्रमुखांच्या सहीनेच घ्या.