३० मुलांच्या वर्गात सगळ्यांना इंग्रजी बोलायला मिळावं म्हणून

३० मुलांना एकेक करून उभं केलं, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २ मिनिटं येतात. त्यापेक्षा जोड्या लावा; एकाच वेळी १५ जण बोलतात. विषय घरचाच द्या: कापूस वेचणी, संत्र्याचा बगीचा, तान्हा पोळा. तीच गोष्ट आधी ४ मिनिटांत सांगायची, मग जोडीदार बदलून ३ आणि पुन्हा बदलून २ मिनिटांत. वेळ आखडत जातो, तसं अडखळणं कमी होतं. अगदी नवख्यांना याच्या निम्मा वेळ पुरे. ऐकणाऱ्यानं एक प्रश्न विचारायचाच, नाहीतर तो खिडकीबाहेर बघत बसतो. चुका मधेच दुरुस्त करू नका. टिपून ठेवा अन् शेवटी फळ्यावर घ्या. गोंगाट होईल, शेजारचे सर डोकावतील. डोकावू द्या.