मुळशीचा भात, दौंडचा ऊस आणि भूगोलाची पदवी

भूगोलाला प्रवेश घेतला असं सांगितलं की पुण्यात दोनच प्रश्न येतात. एक, "म्हणजे स्पर्धा परीक्षा करणार ना?" आणि दुसरा, जरा आवाज खाली घेऊन, "मार्क कमी पडले का?" दुसऱ्या प्रश्नावर चिडण्यात अर्थ नाही. विचारणाऱ्याला दहावीचा चाळीस मार्कांचा पेपर आठवत असतो: राजधान्या, पिकं, आणि नकाशात भरायच्या नद्या. विद्यापीठातला भूगोल त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो.

मी पुण्यात बी.ए. आणि मग एम.ए. भूगोल केलं, आता पाणी आणि नियोजनाच्या कामासाठी नकाशे बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. दर जूनमध्ये ओळखीतली मुलं-मुली विचारतात की हा विषय घ्यावा का. त्यांना मी आधी पुण्याच्या पश्चिमेचा ताम्हिणी घाट ते पूर्वेचं दौंड हा रस्ता सांगते.

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, पुणे शहरात साधारण 700, दौंडकडे 500 च्या आसपास. अरबी समुद्रावरून येणारी हवा सह्याद्री चढताना थंड होते, पाणी टाकते, आणि पलीकडे उतरताना कोरडी होत जाते. इथवर शाळेतच झालेलं असतं. त्यानुसार मुळशी-मावळात भात, पूर्वेला बाजरी-ज्वारी, हेही बरोबर. पण यवत सोडून दौंडच्या दिशेला लागलात की दोन्ही बाजूंना ऊस. पावसाच्या नकाशात तो बसतच नाही. आमच्या पहिल्या फील्डला सरांनी बस तिथेच थांबवली आणि विचारलं, "आता बोला."

उत्तर खडकवासला धरणाच्या कालव्यात आहे. मग कालवा कुणासाठी काढला, धरण कुणाच्या काळातलं, साखर कारखाने कुठे आले, हे सगळं ओघाने आलंच. त्याच धरणसाखळीतून पुणे शहर पाणी पितं, त्यामुळे दर उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेतीला आवर्तन (कालव्यातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) किती आणि शहराला किती, यावर ओढाताण होते. त्यावरचा एक तोडगा म्हणून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) बेबी कालवा म्हणतात त्या जुन्या कालव्यात सोडतात, म्हणजे आपण वापरलेलं पाणी पुन्हा शेताकडे जातं. हवामान, जमीन, सिंचन, शहराची वाढ आणि राजकारण एकाच रस्त्यावर येतं. अर्थशास्त्राचा विद्यार्थी यातला एक तुकडा बघतो, भूगर्भशास्त्राचा दुसरा. सगळे तुकडे एका नकाशावर मांडायची सक्ती फक्त आमच्यावर असते, आणि माझ्या मते या पदवीची खरी किंमत त्या सक्तीत आहे.

दुसरं उदाहरण शहरातलंच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, सोसायट्यांच्या भिंती पडल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच शब्द, ढगफुटी. पाऊस प्रचंड होता यात वाद नाही. पण भूगोलवाला आधी पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी ओढ्यात उतरतं तो भाग, आखतो: ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो, लांबी थोडी, वरचा उतार तीव्र, खाली बसाल्ट, त्यावर वस्ती आणि काँक्रीट. पाणी मुरायला जागा नाही, त्यामुळे ते फार लवकर आणि एकदम खाली येतं. मग जुनी टोपोशीट (चढ-उतार, ओढे, वस्ती दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा) आणि आजची उपग्रह प्रतिमा शेजारी ठेवून पात्र कुठे अरुंद झालंय ते बघायचं. या ओढ्याचा प्रवाह तर पेशवाईतही वळवला गेला होता, तेव्हा छेडछाड काही आजची नाही.

असं काम आज मला पगार देतं. पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवणाऱ्या पूररेषांचंच घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला म्हणजे शंभर वर्षं निवांत. प्रत्यक्षात दर वर्षी तेवढ्या पुराची शक्यता एक टक्का, आणि ती मागच्या वर्षी पूर आला म्हणून कमी होत नाही. हे संख्याशास्त्राच्या तासाला कळतं, ज्या तासाला निम्मा वर्ग कँटीनमध्ये असतो. तुम्ही बसा.

आता कडू भाग. नुसत्या पदवीवर नोकरी मिळत नाही. सुरुवातीला बहुतेकांना मिळतं ते डिजिटायझेशनचं काम: दिवसभर स्क्रीनवर इमारती आणि रस्ते गिरवत बसायचं. पगार बेताचा, मान दुखते ती वेगळीच. हात बसण्यापुरतं करा, पण त्यातच अडकू नका. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या वर्षापासून शिका. लँडसॅट उपग्रहांच्या 1972 पासूनच्या प्रतिमा आणि सेंटिनेल-2 उपग्रहांच्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा फुकट उतरवता येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ओपन सिरीज नकाशे ऑनलाइन आहेत. थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आलं तर उत्तम. महागड्या क्लासच्या जाहिराती बघाल, त्याआधी हे सगळं करून झालेलं असू द्या.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर यूपीएससीला भूगोल हा वैकल्पिक विषय आहे, 500 मार्कांचा, आणि सामान्य अध्ययनातही तो येतो. फायदा आहेच. पण केवळ त्यासाठी तीन वर्षं घालू नका, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तसे पुष्कळ आहेत. इतर वाटाही आहेत. नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, बी.एड. करून शाळा, एम.ए.-एम.एस्सी. नंतर नगररचनेचा अभ्यासक्रम. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्सचा (सर्वेक्षण, उपग्रह प्रतिमा, नकाशे यांचा) वेगळा पेपर आहे. केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाल्यापासून सर्वेक्षणाच्या कामालाही उठाव आला. मात्र सरकारी जाहिरातीतली पात्रता अक्षर न् अक्षर वाचा. भूवैज्ञानिकाच्या जागेला भूगर्भशास्त्र लागतं, भूगोल सहसा चालत नाही, आणि हे शेवटच्या वर्षी कळून हिरमुसलेले बरेच बघितलेत.

ग्रामसर्वेक्षणाला नाकं मुरडू नका. प्रश्नावली घेऊन दारात उभं राहिलं की चहा मिळतो, आणि तुम्हाला हवं असेल तेच उत्तरही मिळतं. "जमीन किती?" याला खरं उत्तर क्वचितच येतं. "यंदा किती टन ऊस गेला?" विचारा, अंदाज आपोआप निघतो. ही युक्ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

बी.ए. की बी.एस्सी., यावर फार डोकं खाऊ नका. प्रवेशाआधी भूगोल विभागात एक चक्कर मारा. लॅबमधले किती कॉम्प्युटर चालू आहेत ते बघा. मागच्या वर्षी फील्डला कुठे गेले होते, की नुसतीच महाबळेश्वरची ट्रिप झाली, ते विचारा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचं जर्नल मागून घ्या आणि त्यातले नकाशे त्याने स्वतः काढलेत की सिनियरच्या जर्नलवरून उतरवलेत, एवढं त्याला समोरासमोर विचारा. तो हसला तर दुसरं कॉलेजही बघून या.